परक्या लेखणीतील आपले चरित्र

चरित्र हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या कानी प्रथम पडतो तो देवळाच्या सभामंडपात. भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर आमच्या या सीमाभागाचेच क्षेत्र. तेथील श्रीनृसिंहसरस्वतींचे माहात्म्य सरस्वती गंगाधरांनी ओवीबद्ध केले म्हणून आज घरोघर गुरुचरित्राचे सप्ताह होतात. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेस बीदरच्या बादशहाचे बोलावणे आले आणि तिने विठ्ठलाच्या पायी देह ठेवला, ही कथा कीर्तनकार आजही सांगतात. कारण महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त तिला स्थान दिले. ज्याचे कोणी लिहून ठेवले तो उरला. ज्याचे कोणी लिहिले नाही तो काळाच्या उदरात गडप झाला. स्त्रियांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे.

म्हणूनच एका गोष्टीचे आम्हांस नवल वाटते. परदेशी जाऊन वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या, आणि पुढच्याच वर्षी, १८८८ साली, त्यांचे चरित्र ग्रंथरूपाने बाहेर पडले. परंतु ते पुण्यात नव्हे, बोस्टन शहरी. मराठीत नव्हे, इंग्रजीत. लेखिका होत्या कॅरोलाइन हीली डॉल. आपल्या कन्येचे चरित्र लिहिण्याची तळमळ सातासमुद्रापलीकडील एका प्रौढ विदुषीस का वाटली, याचा उलगडा तिच्या इतर लेखनात सापडतो.

डॉलबाईंचा जन्म १८२२ सालचा, बोस्टनचा. दासमुक्तीच्या आणि स्त्रीहक्कांच्या चळवळींत त्यांचे तारुण्य गेले. पुढे १८६५ साली स्थापन झालेल्या अमेरिकन सोशल सायन्स असोसिएशन या संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. त्यांचे यजमान चार्ल्स डॉल हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक म्हणून १८५५ साली कलकत्त्यास आले आणि १८८६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, मधल्या काही भेटी वगळता, इकडेच राहिले. बाई दोन मुलांसह अमेरिकेतच राहिल्या. म्हणजे हिंदुस्थान हे नाव त्यांच्या घरात एका रिकाम्या खुर्चीच्या रूपाने तीस वर्षे वावरत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अशा स्थितीत त्यांनी लेखणी हाती धरली. स्त्रियांच्या श्रमाच्या हक्कावर बोस्टन येथे दिलेली त्यांची व्याख्याने १८६० साली, तर कायद्यातील स्त्रियांच्या हक्कांवरील व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने निघाली. या दोन्हींस शिक्षणाचा विषय जोडून १८६७ साली त्यांनी एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या नावातच विद्यालय, बाजार आणि न्यायालय अशी तीन स्थाने उल्लेखिली आहेत. या तिन्ही दारांतून स्त्रीस प्रवेश मिळाल्यावाचून तिची स्थिती सुधारणार नाही, हा त्या ग्रंथाचा मथितार्थ.

वकिली पेशामुळे आम्हांस यांतील तिसरे दार अधिक जवळचे. इंग्लंडच्या ज्या रूढ कायद्याचा वारसा अमेरिकेने घेतला, त्यात पती आणि पत्नी ही एकच व्यक्ती मानली जाई आणि ती व्यक्ती म्हणजे पती. विवाह होताच पत्नीची जंगम मालमत्ता पतीची होई. स्वतःच्या नावाने तिला करार करता येत नसे. न्यूयॉर्क राज्याने १८४८ साली आणि मॅसॅच्युसेट्सने १८५५ साली या नियमास कायद्याने छेद देण्यास आरंभ केला. आपल्या धर्मशास्त्राने स्त्रीधन ही संज्ञा फार पूर्वीच मान्य केली होती, हे अभिमानाने सांगावे. पण त्याच दमात हेही सांगावे की, वारशाने आलेल्या मालमत्तेवर हिंदू स्त्रीची पूर्ण मालकी आपल्या कायद्याने सर्वसाधारणपणे मान्य केली ती १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने, आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत कन्येस जन्मसिद्ध वाटा मिळाला तो कर्नाटकात १९९४ साली व देशभर २००५ साली.

आता आनंदीबाईंकडे वळू. पत्नीस शिकविण्याच्या ध्यासाने गोपाळराव जोशी यांनी कोल्हापुरातून एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले आणि ते 'मिशनरी रिव्ह्यू' या नियतकालिकात छापले गेले. न्यूजर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या दृष्टीस ते १८८० साली पडले, तेही दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता! त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडले आणि दोघींत मावशी-भाचीचे नाते जडले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भाषण करून परदेशगमनाचे आपले कारण सांगितले व हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, अशी ग्वाही दिली. त्याच एप्रिलात कलकत्त्याहून त्या एकट्या, पतीवाचून, निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली. पण क्षयाने जर्जर झालेल्या त्या देहास कामावर रुजू होणे लाभले नाही. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाने पोकीप्सी येथील आपल्या स्मशानभूमीत स्थापिल्या.

डॉलबाईंनी जे केले त्याचे मोल साक्षीपुराव्याची सवय असलेल्यास चटकन उमगावे. साक्षीदार हयात आहेत, पत्रे हाताशी आहेत, शोक ताजा आहे, अशा वेळीच त्यांनी टिपणे जमविली. आणि स्वतः बोलण्याबरोबर आनंदीबाईंच्या पत्रांनाही बोलू दिले. स्त्रीच्या वतीने पती, पिता किंवा सुधारक बोलतो ही नेहमीची रीत. येथे ती स्वतःच्या शब्दांत ऐकू येते. कायद्याने जिला पतीच्या छायेत लपविले त्या स्त्रीला स्वतःचे मत असते, ही गोष्ट ज्या लेखिकेने व्याख्यानांतून युक्तिवादाने मांडली, तीच तिने या चरित्रात उदाहरणाने सिद्ध केली. आमच्या मते त्यांच्या सर्व लेखनाचे हे एकसूत्र होय.

ग्रंथास मर्यादा नाहीत असे नव्हे. शीर्षकात नाव 'आनंदाबाई' असे पडले आहे आणि रमाबाईंची आप्त अशी तिची ओळख करून दिली आहे, जणू तिचे स्वतःचे नाव अमेरिकन वाचकास पुरेसे नव्हते. आपले घर, सोवळेओवळे, सासर-माहेर यांचा अर्थ दुरून पाहणाऱ्यास पुरता लागणे कठीणच. ती उणीव भरून काढली काशीबाई कानिटकरांनी. ज्यांचे शिक्षण घरीच, बहुतांशी स्वतःच्या हिकमतीने झाले, अशा या लेखिकेने डॉलबाईंच्या ग्रंथाचा उपयोग करून मराठीत आनंदीबाईंचे चरित्र सिद्ध केले. परक्या लेखणीने साक्ष जतन केली आणि घरच्या लेखणीने तिला घरचा अर्थ दिला. दोहोंपैकी एकही नसती तर श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीस तरी आधार कशाचा मिळाला असता?

हा सारा प्रपंच निर्ण्यासारख्या गावी बसून का मांडावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या व्यवसायात आहे. या भागातील जुन्या घरांच्या दप्तरांत मोडीतील कागद असतात, निजामी अमलातील उर्दू कागद असतात, पुढे कानडीतील असतात. त्यांत स्त्रिया जागोजाग भेटतात, पण कशा? अमक्याची बायको, तमक्याची विधवा, आणि खाली अंगठ्याची निशाणी. हक्कसोडपत्रात ती 'राजीखुशीने' हक्क सोडते असे लिहिलेले असते. ती खरोखर राजी होती काय, खूश होती काय, हे सांगणारा कागद त्या दप्तरात नसतो. तो असलाच तर माजघरातील पेटीत असतो: माहेरी लिहिलेले एखादे पत्र, ओव्यांची वही, औषधांच्या नोंदी. घर पाडताना किंवा वाटणी होताना फेरफाराचा उतारा जपला जातो आणि ही वही रद्दीत जाते.

डॉलबाईंनी स्वतः सुमारे पाऊणशे वर्षे रोजनिशी लिहिली. १९१२ साली त्या वारल्या, पण त्यांचे कागद बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आजही अभ्यासकांस पाहावयास मिळतात. आपल्याकडे तशा संस्था गावोगाव निघतील तेव्हा निघोत; देवस्थाने मात्र गावोगाव आहेत. देणग्यांच्या वह्या आपण पिढ्यान् पिढ्या सांभाळतोच. त्याच कपाटाचा एक कप्पा गावातील आज्यांच्या पत्रांस व वह्यांस मोकळा करून दिला, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या तोंडून त्यांची हकीकत वर्ष-तिथीसह उतरवून घेतली, तर त्यास फार खर्च लागणार नाही. साक्षीदार हयात आहेत तोवरच साक्ष नोंदवावी, हा न्यायालयाचा नियम चरित्रासही लागू आहे.