'द नेकलेस' : नकली हाराची खरी किंमत

फ्रेंच कथाकार गी द मोपासाँ (१८५०-१८९३) यांची 'ला पारूर' ही कथा १७ फेब्रुवारी १८८४ रोजी 'ल गोल्वा' या पॅरिसच्या दैनिकात प्रसिद्ध झाली. 'द नेकलेस' या इंग्रजी नावाने ती जगभर वाचली गेली. अनपेक्षित शेवटासाठी तिचा नेहमी उल्लेख होतो. तिचे खरे सामर्थ्य मात्र प्रतिष्ठेच्या हव्यासाच्या चित्रणात आहे.

नायिका मातिल्द ही शिक्षण मंत्रालयातील एका कारकुनाची पत्नी. मोपासाँ यांनीही काही काळ याच मंत्रालयात नोकरी केली होती. मातिल्दला दोन वेळच्या अन्नाची भ्रांत नाही. सल आहे ती ऐश्वर्य नसल्याची. मंत्र्यांकडील समारंभासाठी पती बंदुकीकरिता साठवलेले ४०० फ्रँक तिच्या पोशाखाला देतो. श्रीमंत मैत्रिणीकडून ती हिऱ्यांचा हार उसना आणते. समारंभात सर्वांच्या नजरा तिच्यावर खिळतात. परतताना मात्र अंगावरचे साधे पांघरूण इतर स्त्रियांना दिसू नये म्हणून ती घाईने जिना उतरते. घरी पोहोचल्यावर गळ्यात हार नसतो.

हार हरवल्याची कबुली न देता दांपत्य तसाच दुसरा हार ३६ हजार फ्रँकना विकत घेऊन परत करते. त्यातील १८ हजार पतीच्या वडिलांनी मागे ठेवलेले, उरलेले कर्जाऊ. मैत्रीण पेटी उघडूनही पाहत नाही. कर्ज फेडण्यात दहा वर्षे सरतात. भांडी घासणारी, पाणी वाहणारी, पैशापैशासाठी घासाघीस करणारी मातिल्द ओळखू येईनाशी होते. अखेर मैत्रिणीकडून कळते, की मूळ हार नकली होता. किंमत फार तर ५०० फ्रँक.

येथील उपरोध अनेकपदरी आहे. त्या रात्री नकली हार खरा ठरला आणि कारकुनाची पत्नी उच्चकुलीन. दोघांचेही तेज पाहणाऱ्यांच्या समजुतीवर उभे होते. श्रीमंत मैत्रिणीच्या संग्रहातही नकली हार होता, म्हणजे देखावा केवळ मध्यमवर्गापुरता नव्हता. मातिल्द सत्य सांगते ते मिरवण्यासारखे काहीच उरले नाही तेव्हा. तेच दहा वर्षांपूर्वी सांगितले असते, तर सारे आयुष्य वाचले असते. तथापि त्या श्रमांतून आलेला तिचा अभिमान हा कथेतील एकमेव अस्सल दागिना ठरतो.

१८८३ मधील 'ले बिजू' या कथेत मोपासाँ यांनी हीच कल्पना उलट मांडली होती. तेथे पत्नीच्या मृत्यूनंतर, खोटे समजलेले तिचे दागिने खरे निघतात, आणि पतीचा संसारावरील विश्वास खोटा.