पूर्वजांचे भविष्य : 'सिम्युलेशन थिअरी' आणि ऐंशीच्या दशकाची नादस्मृती

म्यूज या इंग्रज रॉक बँडचा 'सिम्युलेशन थिअरी' हा आठवा अल्बम 9 नोव्हेंबर 2018 रोजी प्रकाशित झाला. एकही स्वर कानी पडण्यापूर्वी श्रोता कोणत्या काळात प्रवेश करणार आहे, हे त्याच्या मुखपृष्ठानेच ठरवून टाकले होते. निऑन दिव्यांच्या जांभळ्या-निळ्या प्रकाशातील ते चित्र काइल लॅम्बर्ट यांचे. 2016 मध्ये सुरू झालेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' या दूरचित्रमालिकेचे भित्तिपत्रकही त्यांनीच रेखाटले होते. म्हणजे हे मुखपृष्ठ थेट ऐंशीच्या दशकाचे अनुकरण करीत नाही. ऐंशीच्या दशकाच्या एका यशस्वी अनुकरणाचे ते अनुकरण आहे. संगीताच्या बाबतीतही हेच घडते. एकाच पायरीच्या स्वरगुच्छांची यंत्रवत आवृत्ती, जाड आणि किंचित थरथरणारे सिंथेसायझरचे नाद, कोरडे इलेक्ट्रॉनिक ठेके हे सारे ज्या काळाचे सूचन करतात, तो काळ प्रत्यक्ष असा कधी ऐकू आला होता का, हा खरा प्रश्न आहे.

विज्ञानकथेचा आश्रय या बँडला नवा नव्हता. 2009 च्या 'द रेझिस्टन्स'वर ऑर्वेलच्या '1984' कादंबरीची दाट छाया आहे. 2015 चा 'ड्रोन्स' दूरनियंत्रित युद्धाचे आशयसूत्र घेऊन गिटार, बास आणि ड्रम यांच्या उघड्या रॉककडे परतला होता. 'सिम्युलेशन थिअरी'त मात्र विज्ञानकथा शब्दांपेक्षा नादात अधिक आहे. विद्रोहाची, पाळतीची, प्रचारयंत्रणेची पदावली जुनीच, काहीशी झिजलेलीही. ती ज्या ध्वनिवेषात येते तोच येथे अर्थवाहक ठरतो.

शीर्षकाचा उगम तत्त्वज्ञानात आहे. निक बॉस्ट्रम यांनी 2003 मध्ये 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली'त मांडलेला युक्तिवाद तीन पर्यायांचा आहे : मानवसदृश संस्कृती अतिप्रगत अवस्थेला पोहोचण्यापूर्वीच बहुधा नष्ट होतात, किंवा पोहोचल्या तरी आपल्या पूर्वजांचे संगणकीय प्रतिरूपण करण्यात त्यांना रस नसतो, किंवा आपण जवळजवळ निश्चितपणे अशा एखाद्या प्रतिरूपणातच राहत आहोत. या तिहींपैकी निदान एक विधान खरे असलेच पाहिजे, एवढेच बॉस्ट्रम म्हणतात. भारतीय वाचकाला येथे मायावाद आठवणे स्वाभाविक असले, तरी ती घाई टाळलेली बरी. हा संभाव्यतेचा हिशेब आहे. त्यात मिथ्यात्वाच्या पलीकडे कोणतेही ब्रह्म उभे नाही, फक्त दुसरा संगणक आहे.

या युक्तिवादातील 'पूर्वजांचे प्रतिरूपण' ही कल्पना अल्बमच्या शीर्षकापुरती उरत नाही. ती त्याच्या रचनेचीच पद्धत होऊन बसते. वंशजांनी पूर्वजांचे जग साधनांच्या बळावर पुन्हा उभे करणे म्हणजेच 2018 मध्ये 1982 चा नाद घडविणे. मॅथ्यू बेलामी, ख्रिस वोल्स्टनहोम आणि डॉमिनिक हॉवर्ड हे तिघेही 1977-78 मध्ये जन्मलेले. ऐंशीचे दशक त्यांनी ओलांडले ते बालपणी. 'प्रेशर' या गीताची चित्रफीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डेव्हनमधल्या टिनमथ या किनाऱ्यावरील गावी 1994 मध्ये या तिघांनी 'रॉकेट बेबी डॉल्स' हे नाव घेऊन स्थानिक स्पर्धा जिंकली होती. चित्रफितीत तेच नाव एका अमेरिकी शाळेतील नृत्यसमारंभात वाजविणाऱ्या बँडला मिळते, आणि प्रसंगाची मांडणी 'बॅक टू द फ्यूचर' (1985) या चित्रपटाची आठवण देते. इंग्रज मुलांचा नव्वदीतला खरा भूतकाळ अमेरिकी पडद्यावरच्या ऐंशीत नेऊन बसविला जातो. स्मरणरंजनाला स्वतःच्या आठवणीची गरज नसते, इतरांच्या प्रतिमांवर त्याचे भागते.

येथे 1981 या वर्षाकडे वळणे उपयुक्त ठरेल. त्या वर्षी इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राचा 'टाइम' हा अल्बम आला. ऐंशीच्या दशकातील एक मनुष्य 2095 मध्ये जाऊन पडतो, असे त्याचे कथासूत्र. बँडची ओळख असलेला तंतुवाद्यांचा ताफा मागे सारून येथे सिंथेसायझर पुढे आले. ते तेव्हा जुने नव्हते, भविष्याचेच वाद्य होते. पण त्या भविष्यात पोहोचलेला नायक करतो काय? तो हळहळतो, आणि ज्या ऐंशीच्या दशकासाठी हळहळतो ते तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. म्हणजे ऐंशीच्या दशकाचे स्मरणरंजन त्या दशकाच्या आरंभीच एका विज्ञानकथेने रचून ठेवले होते. विल्यम गिब्सन यांची 'द गर्न्सबॅक कंटिन्युअम' ही कथाही 1981 चीच. तिच्यात एका छायाचित्रकाराला 1930 च्या दशकाने कल्पिलेले, पण कधी न अवतरलेले भविष्य दिसू लागते. प्रत्येक काळाची बाद झालेली भविष्ये पुढच्या काळाला भुतासारखी भेटतात, हे गिब्सन यांना उमगले होते. पुढच्याच वर्षी 'ब्लेड रनर' आला आणि व्हँजेलिस यांनी यामाहा सीएस-80 वर निर्माण केलेल्या दीर्घ, ओथंबलेल्या स्वरांनी काळोख्या भविष्यनगरीचा नाद जणू कायमचा निश्चित केला. म्यूज ज्याला आवाहन करतात ते 1982 हेच : जगलेले वर्ष नव्हे, त्या वर्षाने पाहिलेले उद्याचे स्वप्न.

अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत हा खेळ अधिक प्रामाणिक होतो. तीच गीते तेथे पर्यायी रूपांत येतात : 'डिग डाउन' गॉस्पेल वळणाने, 'प्रेशर' विद्यापीठाच्या संचलन-वाद्यवृंदासह. यांपैकी मूळ कोणते आणि प्रतिरूप कोणते, हा शीर्षकाने उभा केलेला प्रश्न येथे खरोखर ऐकू येतो. मुख्य आवृत्तीत मात्र तो निऑनच्या झगमगाटात बुजतो. कृत्रिम जगाविरुद्ध पुकारलेले बंड त्या जगाच्या सर्वांत सुखद नादात गुरफटून जाते.

शिवाय हा संकेत सार्वत्रिक नाही. 1982 मध्येच मुंबईत, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तेव्हाची अगदी नवी यंत्रे (ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808) घेऊन 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. भैरव, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग, खाली डिस्कोचा अखंड ठेका. स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची टीबी-303 मधील सोय मींडेला जवळची होती. येथे सिंथेसायझर ना अंतराळ सुचवितो, ना यंत्रराज्य; तो राग वाजवितो. तबकडी तेव्हा फारशी कोणी ऐकली नाही. 2010 मध्ये ती पुनर्प्रकाशित झाली तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांना तिच्यात ॲसिड हाउस या शैलीची चाहूल लागली. ती शैली शिकागोत आकाराला आली होती 1980 च्या दशकाच्या मध्यानंतर. मुंबईतल्या त्या दहा रागांना अशा रीतीने, अठ्ठावीस वर्षांनंतर आणि दुसऱ्यांच्या इतिहासात, एक भविष्य बहाल करण्यात आले.