वाघदेवाचे काष्ठशिल्प

उत्तर कोकणातील पालघर-ठाणे पट्टा आणि गुजरातमधील डांग येथील वारली, कोकणा, महादेव कोळी आदी जमातींनी रानात किंवा पाड्याच्या शिवेवर रोवलेली वाघाची कोरीव लाकडी फळी. काही ठाण्यांवर तो दगडात असतो, तर काही ठिकाणी आता सिमेंटही आले आहे.

जाड फळीवर उथळ उठावात वरती सूर्य-चंद्र, खाली बाजूने दिसणारा वाघ आणि पुष्कळदा शेजारी नाग कोरतात. अंगावर शेंदराचे पुट. कित्येक ठिकाणी ते इतके चढलेले असते की पट्टे, डोळे बोटांनी चाचपूनच कळावेत. शरीराच्या प्रमाणाची फिकीर कोरणारा करीत नाही. ठसठशीत, काहीसा भोळा वाघ हेच या शिल्पाचे बळ.

गुरे-माणसे राखावीत म्हणून वाघबारशीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, वाघदेवाला नारळ-कोंबड्याचा मान देतात. या भागात आता पट्टेरी वाघ उरला नाही. तो मान बिबट्याकडे गेला. 2018-19 मधील पाहणीत महाराष्ट्रात अशी दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली गेली. पाऊस व वाळवीमुळे जुन्या लाकडी फळ्या मात्र थोड्याच टिकल्या आहेत.