साडेसोळा मिलिमीटरचा इतिहास

रेल्वे इंजिनांच्या आणि डब्यांच्या हुबेहूब प्रतिकृती घडवण्याचा छंद आगगाडीच्या जन्मानंतर बऱ्याच उशिरा आला. लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग १८३० मध्ये सुरू झाला आणि खेळण्यातल्या गाड्या पाठोपाठ आल्याच, पण त्या खऱ्या इंजिनासारख्या असाव्यात अशी कोणाची अपेक्षा नव्हती. विलायतेत पितळेची छोटी इंजिने मिळत. बॉयलरखाली स्पिरिटचा दिवा लावला की ती खरोखर वाफेवर धावत. त्यांना रूळ नसत. फरशीवर पाण्याचा आणि तेलाचा ओघळ सोडत ती सुटत आणि भिंतीवर आपटून थांबत. जर्मनीत न्युरेंबर्गचे कारागीर पत्र्याची रंगीत गाडी करत. धुराडे आणि चाके दिसली की मुलांना ती आगगाडी वाटे.

या खेळण्याला शिस्त लागली ती मापामुळे. जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावी टेओडोर मेर्क्लिन या टिनकाम करणाऱ्याने १८५९ मध्ये बाहुल्यांच्या स्वयंपाकघराची भांडी करायला सुरुवात केली होती. त्याच्या मुलांच्या कारखान्याने १८९१ च्या लाइपझिग जत्रेत किल्लीवर चालणारी गाडी मांडली. तिचे रूळ इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळवलेले होते. नवलाई रुळांच्या आकारापेक्षा ठरावीक मापांत अधिक होती. रुळांमधले अंतर नेमून दिलेले असल्यामुळे या वर्षी गाडी, पुढल्या वर्षी आणखी रूळ, त्याच्या पुढल्या वर्षी सांधा, सिग्नल, स्टेशन असे घेत जाता येई आणि जुने वाया जात नसे. एक नंबरच्या मापात हे अंतर ४५ मिलिमीटर होते. पुढे आलेल्या ‘ओ’ मापात ते ३२ वर आले. इतर कारखान्यांनीही हीच मापे उचलली. मुळात विक्रीच्या सोयीसाठी काढलेली ही युक्ती पुढे सगळ्या छंदाचा पाया ठरली.

मापाकडून प्रमाणाकडे जायला इंग्लंडची गरज लागली. नॉर्थॅम्प्टनच्या डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक यांच्या घरात बॉयलर आणि यंत्रकामाचा व्यवसाय होता. ‘मॉडेल इंजिनिअर’ हे मासिक १८९८ मध्ये निघाले. घरच्या लेथवर यंत्रांच्या चालत्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी कारागिरांना त्याने एकत्र आणले. याच वर्गाला सुटे भाग पुरवायचे म्हणून बॅसेट-लोक यांनी टपालाने माल पाठवण्याचा धंदा काढला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी न्युरेंबर्गच्या बिंग कारखान्याचा माल पाहिला. काम सुबक होते, पण इंजिने इंग्लंडच्या रुळांवरची वाटत नव्हती. त्यांनी बिंगकडून खऱ्या ब्रिटिश इंजिनांच्या आराखड्यांवरून आणि खऱ्या कंपन्यांच्या रंगांत इंजिने करवून घ्यायला सुरुवात केली. आराखड्यांच्या कामासाठी त्यांना हेन्री ग्रीनली हा मोठ्या तोलाचा माणूस मिळाला. अमुक कंपनीच्या अमुक वर्गाचे इंजिन मागून घेणारे गिऱ्हाईक तयार झाले तिथे खेळणे मागे पडले आणि प्रतिकृती सुरू झाली. १९१० मध्ये लंडनमध्ये ‘मॉडेल रेल्वे क्लब’ स्थापन झाला. तो आजही चालू आहे.

पहिल्या महायुद्धाने जर्मन मालाविषयी कटुता निर्माण केली. त्या पोकळीत, ‘मेकॅनो’ या जोडकामाच्या खेळण्यामुळे आधीच घरोघरी पोचलेल्या लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये ‘ओ’ मापाच्या किल्लीच्या गाड्या बाजारात आणल्या. त्या दणकट आणि स्वस्त होत्या. पण ‘ओ’ मापाला जागा फार लागे. मोठे इंजिन वळवायचे तर दिवाणखानाही अपुरा पडे. उत्तर १९२२ मध्ये मिळाले. बिंग आणि बॅसेट-लोक यांनी जेवणाच्या टेबलावर मावेल अशी निम्म्या मापाची गाडी आणली. रुळांमधले अंतर साधारण साडेसोळा मिलिमीटर होते.

या साडेसोळा मिलिमीटरपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण ब्रिटिश छंदाचा पुढचा सगळा इतिहास त्याच्याशी झुंजण्यात गेला आहे. खऱ्या रेल्वेचे प्रमाणित गेज १,४३५ मिलिमीटर आहे. त्याला ८७ ने भागले की साडेसोळा येतात. म्हणजे गाडीचा प्रत्येक भाग खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढा केला तर हिशेब चोख बसतो. युरोपात आणि अमेरिकेत तसेच झाले आणि त्या प्रमाणाला ‘एचओ’ म्हणतात. ब्रिटनचे बोगदे आणि पूल मात्र फार आधी, अरुंद बांधलेले. त्यामुळे तिथली इंजिने आणि डबे युरोपातल्यांपेक्षा अंगाने लहान असतात. सत्त्याऐंशी प्रमाणात केलेल्या ब्रिटिश इंजिनाच्या पोटात त्या काळची किल्ली किंवा मोटर मावेना. चाकांच्या बाहेर दांडे आणि सिलिंडर बसवायलाही जागा उरेना. ग्रीनली यांनी तोड काढली. रूळ साडेसोळाचेच ठेवायचे आणि वरचे अंग मोठे करायचे. फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे १:७६ हे प्रमाण त्यांनी धरले. मोटर मावली. पण या प्रमाणात रुळांमधले अंतर १८.८३ मिलिमीटर हवे होते. ते सव्वादोन मिलिमीटरहून थोडे अधिक कमी पडले. खऱ्या मापात सांगायचे तर ही इंजिने सुमारे सात इंचांनी अरुंद रुळांवर धावू लागली. समोरून पाहिले की चाके पोटाखाली आखडून घेतल्यासारखी दिसतात. ब्रिटनमध्ये ‘डबल ओ’ या नावाने आजही सर्वाधिक खपणारी प्रतिकृती ही अशी आहे.

पुढे १९३५ मध्ये जर्मनीत ट्रिक्स आणि मेर्क्लिन या दोघांनी विजेवर चालणाऱ्या टेबलावरच्या गाड्या आणल्या. ट्रिक्स चालवणारे स्टेफान बिंग हे मूळच्या बिंग घराण्यातले. ज्यू असल्यामुळे त्यांना १९३८ मध्ये नाझींच्या दडपणाखाली कारखाना विकून इंग्लंड गाठावे लागले. त्याच वर्षी हॉर्नबी यांच्या कंपनीने ‘डब्लो’ ही मालिका काढली. तिचे ‘सर नायजेल ग्रेस्ली’ इंजिन जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले होते. त्या काळच्या ओतकामात शिशाचा अंश मिसळून गेला तर धातू वर्षानुवर्षे आतून फुगतो आणि तडकतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे अखंड इंजिन आज मिळणे हे भाग्यच. तयार ‘डब्लो’ने ग्रीनली यांची तडजोड घराघरांत नेली आणि मग तिच्यापासून मागे फिरणे अवघड झाले.

स्वतः घडवण्याची परंपरा मात्र कारखान्यांनी संपवली नाही. तिचा खरा बहर टंचाईत आला. युद्धाच्या आणि नंतरच्या रेशनच्या वर्षांत दुकानांत काही मिळत नव्हते, तेव्हा पुठ्ठा, डब्यांचा पत्रा, जुन्या घड्याळांची चाके यांतून गाड्या उभ्या राहिल्या. एडवर्ड बील या स्कॉटिश धर्मोपदेशकाने पुठ्ठ्यातून डबे आणि इमारती कशा कराव्यात यावर पुस्तके लिहिली. बिनपैशाच्या पण चिकाटीच्या माणसाला त्यांनी आत्मविश्वास दिला. जॉन अहर्न यांनी ‘मॅडर व्हॅली’ नावाची काल्पनिक शाखा उभारली. तिथे गाडीभोवतीचा गाव, मळलेले डबे, झिजलेला रंग यांना प्रथमच गाडीइतके महत्त्व मिळाले. १९४६ मध्ये सिडनी प्रिचर्ड यांनी पेको ही कंपनी काढली आणि रूळ, सांधे यांचा प्रश्न बहुतेकांपुरता सोडवला. हात मोकळे झाले ते इंजिनाकडे वळले.

इंजिन घडवणे म्हणजे काय, हे इथे नीट सांगायला हवे. पन्नाशीच्या दशकात ‘व्हाइटमेटल’चे संच आले. कथील आणि शिसे मुख्य असलेला हा मिश्रधातू थोड्याच उष्णतेला वितळतो, त्यामुळे साचे स्वस्तात होतात. पण नेहमीची सोल्डरिंग आयर्न टेकवली की तो भागच ओघळून जातो. म्हणून सुमारे ७० अंशांना वितळणारा खास सोल्डर वापरावा लागे. नंतर कोरलेल्या पितळी पत्र्यांचे संच आले. त्यांनी कामाची प्रतच बदलली. आराखडा प्रकाशसंवेदी लेपावर उमटवून पत्रा रसायनात बुडवतात. जिथे लेप नसतो तिथले पितळ खाल्ले जाते. दोन्ही बाजूंनी कोरले तर भाग सुटा होतो, एका बाजूने कोरले तर अर्धी जाडी उरते. त्या अर्ध्या जाडीच्या रेषेवर पत्रा नेमका दुमडतो. मागच्या बाजूला पाडलेल्या खळग्यांत सुई दाबली की पुढे रिव्हेटचे डोके उठते. एका टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर, अशी शेकडो डोकी असतात, आणि ती एका रेषेत नसली तर नुसत्या डोळ्यांना खटकते.

मग चौकट उभी करायची. ती अगदी काटकोनात हवी, नाहीतर इंजिन आयुष्यभर लंगडते. एका धुऱ्यावरच्या दोन चाकांचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत बसवावे लागतात. सगळ्या धुऱ्यांवर हा कोन सारखा राहिला तरच जोडदांडे न अडकता फिरतात. खऱ्या इंजिनातही हाच नियम आहे आणि त्याचे कारणही तेच: एका बाजूचा पिस्टन टोकाला पोचून अडला तरी दुसऱ्या बाजूचा जोर चालू असतो. छोट्या इंजिनात पिस्टन मोटरचे गुलाम असतात, तरी कोन चुकला तर शिक्षा मोठ्या इंजिनासारखीच मिळते. शेवटी रंग, कंपनीच्या बारीक रेघा, आणि त्यावर पुन्हा मळ. धुराड्यामागे काजळी, सेफ्टी व्हॉल्व्हखाली क्षाराचे पांढरे ओघळ, चाकांजवळ ब्रेकची तपकिरी धूळ. कोणते डाग कुठून येतात हे ज्याला कळले त्याला इंजिन कळले.

साठीच्या दशकात या सगळ्याला वेगळे गांभीर्य आले. ब्रिटिश रेल्वेची काटछाट सुचवणारा बीचिंग यांचा अहवाल १९६३ चा. त्यानंतर ब्रिटनमधले शेकडो छोटे मार्ग बंद झाले. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची नेहमीची वाफ थांबली. जे रोज दिसत होते ते आता फोटोंत आणि आराखड्यांत शोधावे लागणार होते. काहींना याची चाहूल आधीच लागली होती. आराखडे, रंगांचे नमुने, डब्यांच्या नोंदी जपण्यासाठी ‘हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी’ १९५० मध्येच स्थापन झाली होती. ऑस्ट्रेलियातून आलेल्या रॉय इंग्लंड यांना ऑक्सफर्डजवळच्या खेड्यांची जुनी घरे बदलताना पाहवेना. त्यांनी १९५४ मध्ये पेंडन संग्रहालय सुरू केले आणि १९२० व ३० च्या दशकांतला तो मुलूख चार मिलिमीटर प्रमाणात उभारण्याचा ध्यास घेतला. अहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’ही आता तिथेच जपलेली आहे.

या नोंदीच्या वृत्तीला साडेसोळाची तडजोड सलू लागली. काहींनी रूळ १८ मिलिमीटरपर्यंत वाढवले. त्याला ‘ईएम’ म्हणतात. १९६६ मध्ये एका अभ्यासगटाने शेवटचे पाऊल टाकले. त्यांनी अंतर नेमके १८.८३ ठेवलेच, शिवाय चाकांच्या कडा, रुळांमधल्या फटी, सगळे खऱ्या मापांवरून काढले. या पद्धतीला ‘प्रोटोफोर’ म्हणतात. चाकाची कड इतकी बारीक झाल्यावर एखादे चाक केसभर उचलले गेले तरी गाडी घसरते. म्हणून प्रत्येक धुऱ्याला स्प्रिंग किंवा डुलणारा आधार द्यावा लागला, खऱ्या इंजिनाला असतो तसाच. मापाशी प्रामाणिक राहिल्यावर यंत्ररचनाही आपोआप खरी झाली. छंदाच्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर टप्पा म्हणावा लागेल, जरी तो पेलणारे नेहमीच थोडे राहिले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कारखाने चीनमध्ये गेले. जे बारकावे पूर्वी फक्त हाताने होत ते तयार इंजिनांवर येऊ लागले. सुटी बसवलेली हातधरणी, आतून रंगवलेली केबिन, चाकांच्या वेगाशी जुळणारा आवाज. आता लेझरने खरे इंजिन मोजून घेतात आणि घरच्या यंत्रावर त्रिमितीय छपाई करतात. घडवणारे यामुळे संपले नाहीत. कोणताही कारखाना कधी करणार नाही अशा अनवट इंजिनांकडे ते वळले.

भारतीय इंजिने याच प्रकारात मोडतात आणि इथे जुना प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. सत्त्याऐंशी प्रमाणात ते सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या जवळ जाते. बाजारातल्या साडेसोळाच्या रुळांवर चालवायचे तर इथेही चाके आत घ्यावी लागतात, आणि ब्रिटिश ‘डबल ओ’पेक्षाही अधिक. मीटरगेज मात्र तयार मिळणाऱ्या १२ मिलिमीटरच्या रुळांवर जवळपास अचूक बसते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. एचओ प्रमाणातले ते चालते शहर पाहून या छंदाची पहिली ओळख झालेली मराठी मुले थोडी नाहीत.

अशा भारतीय इंजिनांतले एक म्हणजे बोरघाट चढणारे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे विजेचे मालगाडीचे इंजिन, ज्याला रेल्वेची माणसे ‘खेकडा’ म्हणत, ते स्विस ‘क्रोकोडाइल’ घराण्यातले. पहिली काही इंजिने स्वित्झर्लंडमध्येच विंटरथूरला बांधली गेली. त्याचा स्विस भाऊबंद मेर्क्लिनने वेगवेगळ्या मापांत पुन्हा पुन्हा केला आणि तो जगभर संग्रहांत आहे. घाटातल्या खेकड्याला ते भाग्य मिळाले नाही. त्याचा एक नमुना दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे, म्हणजे मोजून घेणे अजून शक्य आहे. परळ, माटुंगा, लोअर परळच्या रेल्वे कारखान्यांत काम केलेल्यांच्या घरी जुने आराखडे, भागांची पत्रके, फोटो असतील, तर ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. एखाद्या संग्रहालयाकडे किंवा जाणकार छंदिष्टाकडे सोपवावेत.