‘पाहा’पासून दुव्यापर्यंत

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८३१ साली, मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश छापून आला. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू त्यांच्या मदतीला होते. १८५७ साली दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली. आपल्या कोकणातले शब्दही त्यात पुष्कळ सापडतात. एवढ्या पसाऱ्यात वाचकाला वाट दाखवते ती एक छोटी सूचना : अमुक शब्द पाहा. संगणकावरच्या दुव्याचं मूळ आपल्याला तिथेच शोधता येतं.

छापील कोशात ‘पाहा’ म्हटलं की पानं उलटायची ती आपणच. एचटीएमएल आलं आणि दुव्यावर टिचकी मारताच शब्द समोर येऊ लागला. पण हे दुवे हाताने लिहायचे म्हणजे हजारो नोंदींमध्ये हजारो पत्ते. पत्त्यांची रचना बदलली की सगळं पुन्हा!

फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल प्रमाण ठरलं. त्यात मजकुराला खुणा करायच्या त्या अर्थाच्या : हा शब्द, हा अर्थ, हा ‘पाहा’. या खुणांची नावं देवनागरीतही चालतात. मग या खुणांचं वाचकासमोर काय करायचं? ते सांगतं एक्सएसएलचं वेगळं नियमपत्र. त्यातला रूपांतराचा भाग, एक्सएसएलटी, जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रमाण झाला. आता नियम एकदाच लिहायचा : ‘पाहा’ ही खूण भेटली की दुवा तयार कर. पत्त्याच्या जागी महिरपी कंसात त्या खुणेतला शब्द मागवायचा, बस्स. साठ नोंदी असोत की साठ हजार, नियम तोच. शिवाय ज्या शब्दाकडे बोट दाखवलंय तो कोशात नसेलच, तर तेही दुसऱ्या नियमाने हुडकता येतं. छापील कोशात अशी चूक वर्षानुवर्षं दडून राहते.

ब्राउझरमधली एक्सएसएलटीची सोय काढून टाकण्याचा निर्णय गूगल क्रोमने २०२५ साली जाहीर केला. म्हणजे हे काम आता ब्राउझरबाहेर, आधीच करून ठेवावं लागेल. पण कोशाचं त्यात काही बिघडत नाही, कारण शब्दाशब्दांतलं नातं एक्सएमएलमध्ये नोंदलेलं असतं. नियमपत्र नवं लिहिता येतं. न नोंदलेलं नातं मात्र कुठलाच नियम शोधून देत नाही.

म्हणून जुन्या पुस्तकांची पानं नुसती स्कॅन करून आपण थांबू नये. आपल्या बोलीतला कुठला शब्द कुठल्या शब्दाकडे नेतो, हे सांगणारी माणसं आज आपल्यात आहेत. तो ‘पाहा’ त्यांच्याकडूनच लिहून घ्यायला हवा, आणि तोही वेळेत.