गडचिरोलीच्या बाया जगाच्या हिशेबात

गटाच्या बैठकीत आपण कंबरदुखी सांगतो, अंगावरून पांढरं जातं हे सांगत नाही. आज त्याचाच इतिहास सांगतो.

१९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी इथे ‘सर्च’ संस्था सुरू केली. दोघं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. तेव्हा आपल्या सरकारी दवाखान्यापासून मोठ्या जागतिक संस्थांपर्यंत बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच धरत. मधली सगळी वर्षं बाई जणू ठणठणीत!

राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० जणी तपासल्या. तेरा वर्षांच्या पोरींपासून म्हाताऱ्यांपर्यंत. शंभरात ९२ जणींना आतले आजार निघाले. त्रास असल्याचं सांगितलं होतं फक्त ५५ जणींनी. आधी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८. जानेवारी १९८९ मध्ये हे लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात छापून आलं. १९९४ च्या कैरो परिषदेत अशा आजारांना जगाच्या धोरणात जागा मिळाली, आणि १९९७ मध्ये आपल्या सरकारच्या कार्यक्रमातही.

आमच्या गटात तपासणी झालेल्या बाया अजून बोटावर मोजण्याइतक्या. पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलावलं आहे.