कॅराव्हॅन ओढण्याचा परवाना (ग्रेट ब्रिटन)
ग्रेट ब्रिटनमध्ये मोटारीमागे कॅराव्हॅन (चाकांवरचे फिरते घर) जोडून नेताना चालकाच्या परवान्यानुसार वजनाची मर्यादा लागू होते. १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटार चालविण्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना सामान्यतः दोन्ही वाहने मिळून ८,२५० किलोग्रॅमपर्यंत मुभा आहे. त्यानंतरच्या 'बी' वर्गाच्या परवानाधारकांना, कॅराव्हॅन ७५० किलोग्रॅमहून जड आणि एकूण वजन ३,५०० किलोग्रॅमहून अधिक असल्यास, 'बीई' ही स्वतंत्र परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ रोजी ही अट रद्द झाली; आता ते ३,५०० किलोग्रॅमपर्यंतची कॅराव्हॅन ओढू शकतात. येथे प्रत्यक्ष वजन नव्हे, तर सामानासह कमाल अनुज्ञेय वजन ग्राह्य धरतात. त्यामुळे रिकामी कॅराव्हॅनही मर्यादेबाहेर ठरू शकते. मोटारीच्या ओढक्षमतेची मर्यादा याव्यतिरिक्त पाळावी लागते.